कासवाचे रक्त आणि गावचे तळे

देवळाच्या सभामंडपात, गाभाऱ्यासमोर बसविलेले दगडी कासव महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याला हात लावून मगच भाविक देवाच्या दर्शनासाठी पुढे जातो. त्याच देवळामागच्या तळ्यात राहणारे जिवंत कासव मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. ते दृष्टीस पडते ते बहुधा उन्हाळ्यात, तळ्यातील गाळ उपसण्याचे काम निघाले म्हणजे. चिखलात स्वतःला गाडून घेऊन पावसाची वाट पाहत पडलेले कासव जेसीबी यंत्राच्या बकेटमधून गाळाबरोबर वर येते, आणि त्याचे काय करावयाचे, असा प्रश्न जमलेल्या मंडळींपुढे उभा राहतो. कोणी ते आपल्या विहिरीत सोडतो, कोणी शेजारच्या गावच्या पाझर तलावात नेतो, तर कोणी मुलांना पाहता यावे म्हणून शाळेच्या हौदात ठेवतो. या सर्वांचा हेतू चांगलाच असतो. परंतु कासव एकटे जात नाही. त्याच्या कातडीला चिकटलेल्या जळवा आणि त्याच्या रक्तात राहणारे, डोळ्यांना न दिसणारे परजीवी हेही त्याच्याबरोबर नव्या पाण्यात जातात. गोड्या पाण्यातील रानटी कासवांच्या रक्ताचे आरोग्य आणि त्या रक्तातील परजीवी हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो प्रयोगशाळेपुरता मर्यादित नसून गावच्या तळ्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

कासवाच्या रक्ताची घडण

मनुष्याच्या रक्तातील तांबडी पेशी वाटोळी असते व तिच्यात केंद्रक नसते. कासवाची तांबडी पेशी लांबट, अंडाकृती आणि आकाराने बरीच मोठी असून तिच्या मध्यभागी स्पष्ट केंद्रक असते. मानवी तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तांबड्या पेशी याहून कितीतरी अधिक काळ टिकतात व त्यांच्या जागी नव्या पेशीही सावकाश तयार होतात. म्हणूनच कासवाचे रक्त एकदा कमी झाले की त्याची भरपाई होण्यास पुष्कळ वेळ लागतो.

रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा किती, हे रक्ताच्या आरोग्याचे एक साधे माप मानले जाते. निरोगी मनुष्यात हा वाटा शेकडा ४० ते ४५ च्या आसपास असतो. कासवांमध्ये तो सर्वसाधारणपणे शेकडा २० ते ३५ इतकाच असतो. म्हणून मनुष्याचे वा गाईचे माप लावून कासवाला रक्तक्षय झाला आहे असे म्हणता येत नाही. शिवाय हे प्रमाण वर्षभर एकसारखे राहत नाही. ऋतू, वय, नर-मादी हा भेद, अंडी घालण्याचा काळ आणि चिखलातील दीर्घ विश्रांती यांप्रमाणे ते बदलते. भर पावसाळ्यात पोहणाऱ्या कासवाचे रक्त आणि वैशाखात गाळात निपचित पडलेल्या कासवाचे रक्त यांची तुलना करून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

पांढऱ्या पेशींचेही तसेच आहे. जिवाणूंशी झुंजणाऱ्या एका प्रकारच्या पेशींचे प्रमाण दुसऱ्या प्रकाराच्या तुलनेत वाढलेले दिसले, तर प्राणी ताणाखाली असावा, असे तज्ज्ञ मानतात. पकडले जाणे, पोत्यात कोंबले जाणे, दिवसेंदिवस उपाशी राहणे, दूषित पाण्यात राहावे लागणे, या साऱ्यांचे पडसाद अशा रीतीने रक्ताच्या एका थेंबात उमटतात.

परजीवींचा शोध

फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेराँ यांना १८८० मध्ये हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात हिवतापाचा परजीवी सापडला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८८५ मध्ये, खारकोव्ह येथील, म्हणजे आजच्या युक्रेनमधील खारकिव्ह येथील शास्त्रज्ञ डॅनिलेव्स्की यांनी युरोपातील तळ्यांत राहणाऱ्या कासवाच्या तांबड्या पेशींत एक लांबट, वाकडा जीव पाहिला. त्याला त्यांनी हिमोग्रेगरायना स्टेपानोव्ही असे नाव दिले. पुढे जगाच्या अनेक भागांतील कासवांत याच कुळातील परजीवी आढळून आले. कासवाच्या रक्तात सर्वाधिक आढळणारे परजीवी ते हेच होत.

या शोधांच्या इतिहासात भारताचे व शेजारच्या श्रीलंकेचे स्थान महत्त्वाचे आहे. १८९७ मध्ये प्लेगने हाहाकार माजविला असता फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ हे मुंबईस आले होते. पुढच्याच वर्षी कराची येथे त्यांनी उंदरावरील पिसू प्लेग पसरवते हे प्रयोगाने दाखविले. याच सिमाँ यांनी १९०१ मध्ये भारतातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तांबड्या पेशींत राहणाऱ्या परजीवींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत कासवांच्या रक्तातील परजीवीही होते.

श्रीलंकेत कोलंबो येथे काम करणारे इटालियन डॉक्टर कॅस्टेलानी आणि तेथील संग्रहालयाचे प्रमुख विली यांनी १९०४ मध्ये काळ्या कासवाच्या रक्तातील हिमोग्रेगरायनाची एक जाती नोंदविली. मुरिएल रॉबर्टसन या स्कॉटलंडच्या विदुषीने तेथेच जाऊन या परजीवींचा मागोवा घेतला. १९०९ मध्ये त्यांनी मऊ पाठीच्या कासवाच्या रक्तात पोहणाऱ्या ट्रिपॅनोसोमा या परजीवीचा जीवनक्रम, तर १९१० मध्ये काळ्या कासवातील हिमोग्रेगरायनाचा जीवनक्रम प्रसिद्ध केला. दोन्ही परजीवींची वाढ त्यांनी जळूच्या शरीरात पाहिली. पुढे आफ्रिकेतील निद्रारोगावर त्यांनी मोलाचे संशोधन केले. हे काळे कासव महाराष्ट्रातील ओढ्यांत आणि तळ्यांत राहते, आणि श्रीलंकेतील त्या मऊ पाठीच्या कासवाचे जवळचे भाईबंद येथील जवळजवळ प्रत्येक मोठ्या तळ्यात आढळतात. त्यामुळे हा इतिहास दूरदेशीचा राहत नाही.

वाहकावाचून परजीवी नाही

शेतकऱ्यांना गोचीड ताप व सर्रा हे जनावरांचे रोग ठाऊक आहेत. पहिल्यात गोचीड आणि दुसऱ्यात चावणारी माशी रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते. हिवतापात हे काम डास करतो. कासवाच्या बाबतीत हे काम मुख्यतः जळू करते.

हिमोग्रेगरायनाचा प्रवास असा होतो. बाधित कासवाचे रक्त जळू शोषून घेते. रक्तपेशींतील परजीवी जळूच्या आतड्यात मोकळे होतात, तेथे त्यांच्या नर-मादी रूपांचा संयोग होतो व त्यांची संख्या वाढते. तीच जळू पुढे दुसऱ्या कासवाला चिकटली की परजीवींची नवी पिढी त्याच्या शरीरात शिरते. यकृत, प्लीहा, फुप्फुस यांसारख्या अवयवांत काही काळ वाढून ती अखेरीस तांबड्या पेशींत वस्तीला येते. युरोपातील कासव व तेथील जळू यांच्यामधील हे चक्र जर्मन शास्त्रज्ञ राइखेनाऊ यांनी १९१० मध्ये तपशीलाने मांडले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात आढळणाऱ्या, चावऱ्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या मोठ्या कासवातील परजीवीची एक नवी जाती पॅटर्सन व डेसर यांनी १९७६ मध्ये नोंदविली, आणि जळू तो परजीवी कासवाच्या शरीरात पोहोचवते हे सिडॉल व डेसर यांनी १९९१ मध्ये प्रयोगाने दाखविले.

जळू हीच एकमेव वाहक आहे असे नाही. कासवाच्या रक्तात हिवतापाच्या परजीवीचा दूरचा नातलग शोभेल असाही एक जीव आढळतो. गुराढोरांना चावणाऱ्या मोठ्या माशांच्या कुळातील एक माशी त्याचा प्रसार करते, असे अमेरिकेत १९७३ मध्ये सिद्ध झाले. कासवाच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या चपट्या कृमींचे मधले घर म्हणजे पाण्यातील गोगलगाय होय. या कृमींची अंडी निरनिराळ्या अवयवांत अडकून तेथे सूज व इजा निर्माण करतात. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी १९५२ मध्ये मनुष्यातील रक्तकृमींचा जो रोग निदर्शनास आला, त्यातही गोगलगाय हाच दुवा होता. दोन्ही कृमी वेगळे आहेत व कासवाचा कृमी मनुष्यात राहत नाही. परंतु पाणी, गोगलगाय व रक्त ही साखळी दोन्हीकडे सारखीच आहे.

कासवाच्या सवयींचाही या चक्राशी संबंध आहे. तळाशी चिखलात वावरणाऱ्या कासवांवर जळवा अधिक आढळतात, तर ओंडक्यावर वा खडकावर उन्हे खात बसणाऱ्या जातींवर त्या कमी आढळतात, असे अमेरिकेतील अभ्यासांत दिसून आले आहे. उन्हात कवच कोरडे झाले की जळू सुकते अथवा गळून पडते, असा यावर तर्क केला जातो. तो सर्वांनी मान्य केलेला नसला, तरी तळ्याच्या काठचे दगड आणि पाण्यात पडलेला जुना ओंडका या कासवाच्या उपयोगाच्या वस्तू आहेत, एवढे निश्चित.

परजीवी म्हणजे रोग नव्हे

रक्तात परजीवी आढळला म्हणजे कासव आजारी आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. रानात, आपल्या मूळच्या पाण्यात राहणाऱ्या कासवांपैकी पुष्कळांच्या रक्तात हिमोग्रेगरायना असतो. त्याने व्यापलेल्या पेशींचे प्रमाण बहुधा फारच थोडे असते, आणि अशी कासवे खातात, वाढतात, अंडी घालतात. परजीवी आणि कासव यांचा सहवास दीर्घकाळाचा आहे. यजमान मेला तर परजीवीलाही निवारा उरत नाही. त्यामुळे दोघांमध्ये एक प्रकारचा समतोल साधला गेला आहे.

हा समतोल ढळतो केव्हा, हा खरा प्रश्न आहे. कासव अरुंद हौदात अनेकांबरोबर कोंडले गेले, त्याला अन्न मिळाले नाही, पाणी सांडपाण्याने दूषित झाले, तळे आटून असंख्य जळवा थोड्याच कासवांवर तुटून पडल्या, की तेच परजीवी जड होऊ लागतात. बेलग्रेड येथील प्राणिसंग्रहालयातील युरोपीय कासवांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाधित कासवांमध्ये रक्तक्षयाची चिन्हे नोंदविण्यात आली. म्हणजे जो परजीवी रानात बहुधा निमूटपणे राहतो, तोच बंदिवासात अपायकारक होऊ शकतो. कधी कधी परजीवी आपल्या नेहमीच्या यजमानाऐवजी अपरिचित जातीच्या प्राण्यात शिरतो. त्या प्राण्याच्या शरीराला त्याची सवय नसते, आणि तेथे त्याचा त्रास अधिक होण्याचा संभव असतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. कासवाचे रक्त निर्जंतुक करणे हे उद्दिष्ट असू शकत नाही. ज्या पाण्यात हा समतोल टिकून आहे, ते पाणी सांभाळणे आणि कासव त्या पाण्यातच राहू देणे, हे खरे उद्दिष्ट होय.

रक्ताची तपासणी

ही तपासणी कशी होते, याची माहिती शिक्षकांना व अधिकाऱ्यांना उपयुक्त ठरेल. मानेतील शिरेतून अथवा मानेच्या वर, कवचाच्या कडेखाली असलेल्या रक्तकोशातून बारीक सुईने थोडे रक्त घेतात. ते प्राण्याच्या वजनाच्या शंभराव्या हिश्श्याहून कमीच असावे लागते. या ठिकाणी रक्तात लसिका मिसळण्याचा संभव असतो, आणि तसे झाल्यास रक्त आहे त्याहून पातळ भासते. रक्त गोठू नये म्हणून मनुष्याच्या रक्तासाठी सर्रास वापरले जाणारे एक रसायन काही कासवांच्या तांबड्या पेशी फोडते. म्हणून त्याऐवजी बहुधा हेपॅरिन वापरतात. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून तो वाळवितात, जिम्सा या रंगद्रव्याने रंगवितात, आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली सुमारे हजारपट मोठा करून पाहतात. केंद्रकाला एका बाजूस सारून पेशीत पसरलेला केळ्याच्या आकाराचा परजीवी तेव्हा स्पष्ट दिसतो. अलीकडे परजीवीची जाती निश्चित करण्यासाठी जनुकीय चाचणीही केली जाते.

हे काम प्रशिक्षित पशुवैद्य व संशोधक यांचेच आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित कासव पकडणे, बाळगणे वा त्याचे रक्त घेणे यांसाठी रीतसर परवानगी आवश्यक असते. शाळेतील प्रयोगासाठी कासव धरणे हा गुन्हा ठरू शकतो. मुलांना दुरून, काठावरूनच निरीक्षण करू द्यावे हे उत्तम.

पाहुणे कासव आणि परके पाणी

आता गाळातून वर आलेल्या कासवाकडे पुन्हा वळता येईल. महाराष्ट्रात २०१७ पासून गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार योजनेखाली अनेक जलाशयांतील गाळ काढण्यात आला. शेतीच्या दृष्टीने हे काम उपयुक्त आहे. परंतु ज्या महिन्यांत गाळ काढणे सोयीचे, नेमक्या त्याच महिन्यांत मऊ पाठीची कासवे त्या गाळात विश्रांती घेत असतात. अशा कासवाला दुसऱ्या गावच्या पाण्यात नेऊन सोडले, तर तेथील कासवांना अपरिचित असलेले परजीवी व जळवा तेथे जाऊ शकतात, आणि नेलेल्या कासवालाही तेथील परजीवींशी झगडावे लागते.

चोरट्या व्यापारातून जप्त झालेल्या कासवांचा प्रश्न याहून बिकट आहे. वीस नखांचे कासव पैशांचा पाऊस पाडते, या खुळचट समजुतीपायी कासवे पकडली जातात व दूरवर विकली जातात. अशी कासवे अनेक ठिकाणांहून आलेली, एकाच पोत्यात कोंबलेली, अशक्त झालेली असतात. ती मूळची कोठली हे न पाहता, तपासणी न करता जवळच्या तलावात सोडून देणे म्हणजे सुटकेच्या नावाखाली रोगाची वाट मोकळी करणे होय.

तिसरा धोका परदेशी कासवांचा. कानामागे तांबडा पट्टा असलेले मूळचे अमेरिकेतील छोटे कासव शोभेसाठी विकले जाते. ते मोठे झाले की मालक कंटाळतो आणि ते शहरातील तलावात सोडून देतो. ते स्थानिक कासवांच्या अन्नात व जागेत वाटेकरी होतेच, शिवाय आपले परजीवी घेऊन येते. फ्रान्समध्ये बंदिस्त जागी एकत्र ठेवलेल्या कासवांच्या अभ्यासात अमेरिकन कासवांचे परजीवी कृमी स्थानिक जातींमध्ये गेल्याचे २०११ मध्ये दाखविण्यात आले. ते कृमी रक्तातील नव्हते, परंतु त्यापासून घ्यावयाचा धडा तोच आहे.

येथे भीतीचे एक कारण दूर करणे आवश्यक आहे. कासवांच्या रक्तातील हिमोग्रेगरायना मनुष्यास बाधतो असे आढळलेले नाही. कासवाच्या अंगावर मात्र पोट बिघडविणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. मुलांना होणारी ही बाधा टाळण्यासाठी अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. म्हणून कासवाला हात लागल्यास साबणाने हात धुवावेत, एवढी दक्षता पुरेशी आहे.

कोणी काय करावे

ग्रामपंचायतींनी गाळ काढण्यापूर्वी वनविभागास कळवावे. तळ्याचा एखादा कोपरा, विशेषतः जेथे थोडे पाणी वा ओल शिल्लक आहे तो, न खणता ठेवावा. कासव निघाल्यास ते त्याच तळ्याच्या त्या कोपऱ्यात सावलीच्या ओल्या जागी हलक्या हाताने ठेवावे. ते जखमी असल्यास पाण्यात न सोडता वनकर्मचाऱ्यांच्या स्वाधीन करावे. काठावरील दगड व पडलेली झाडे साफसफाईच्या नावाखाली सरसकट हलवू नयेत, आणि गावचे सांडपाणी तळ्यात येऊ देऊ नये.

अधिकाऱ्यांनी जप्त केलेली कासवे निरनिराळ्या ठिकाणची असल्यास वेगळी ठेवण्याची, पशुवैद्याकडून त्यांच्या अंगावरील जळवा काढवून रक्ताची तपासणी करून घेण्याची, आणि शक्यतो मूळच्या प्रदेशातच ती सोडण्याची व्यवस्था करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तळ्यावर नेऊन कासवांची, त्यांच्या उन्हे खाण्याच्या जागांची व दिसण्याच्या महिन्यांची नोंदवही ठेवावयास शिकवावे. अशी पाच-दहा वर्षांची साधी नोंदही उद्याच्या संशोधकाला फार उपयोगी पडेल, कारण कासवाच्या रक्ताचा अर्थ लावताना ऋतू व स्थळ यांची माहिती अत्यावश्यक असते.

लीथचे मऊ पाठीचे कासव हे दक्षिण भारतातील नद्यांचे वैशिष्ट्य आहे. १८७२ मध्ये शास्त्राला त्याची ओळख झाली ती पुण्याच्या नमुन्यावरून. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत ते अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदले गेले आहे. जी जात मोजकीच उरली आहे, तिच्या पाण्यात एक परका परजीवीदेखील जड जाऊ शकतो.

देवळातील दगडी कासव पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जागेवरून हललेले नाही. मागील तळ्यातील जिवंत कासवालाही माणसाकडून मुख्यतः एवढेच हवे आहे की, त्याला त्याच्या जागी राहू द्यावे आणि ते पाणी राहण्याजोगे ठेवावे.